बायपासनंतर आवळलेली उजवी कोरोनरी: पोटॅशियमचा दोष किती, थंडीचा किती?

आधीच सांगतो, हे कुठल्या एका रुग्णाचे केसपेपर नाहीत. हृदयशस्त्रक्रियेनंतर कोरोनरी धमनीला (हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीला) येणारा स्पॅझम (अचानक आवळणं) जसा दिसतो, त्यावरून शिकवण्यासाठी बेतलेलं हे प्रकरण आहे. आकडे माझे असले तरी अशा प्रसंगात पडद्यावर दिसतात तसेच ठेवले आहेत. प्रकरण मुद्दाम असं निवडलंय की खोलीतल्या पहिल्या माणसाला कारण लगेच 'समजतं', आणि ते कारण चुकीचं निघतं.

काय घडलं

वय ५८, पुरुष, बरीच वर्षं धूम्रपान. डाव्या बाजूच्या दोन धमन्यांत मोठे अडथळे, उजवी कोरोनरी जवळजवळ स्वच्छ. छातीच्या आतली डावी धमनी पुढच्या मुख्य फांदीला आणि पायाची शीर बाजूच्या फांदीला जोडायची, असे दोन बायपास ठरले. उजवीला हात लावायची गरज नव्हती. पूर्वतपासणीच्या नोंदीत एक ओळ होती: श्रमाने दुखतंच, पण कधीकधी पहाटे झोपेतही दुखतं. गोळ्यांत प्रोप्रानोलॉल, म्हणजे बीटा ग्राहक अडवणारं औषध.

शस्त्रक्रिया नेहमीसारखी झाली. हार्ट-लंग मशीनवर शरीर ३२ अंशांपर्यंत उतरवलं, महाधमनीला क्लॅम्प लावला, रक्तमिश्रित थंड कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवून ठेवणारं पोटॅशियमचं द्रावण) दिला. पहिल्या डोसमध्ये पोटॅशियम लिटरला २० मिलिमोलच्या वर, नंतर दर वीस मिनिटांनी दिलेल्या डोसांत त्याच्या निम्मं. हृदयावर बर्फाचा चुराही टाकला होता. क्लॅम्प काढल्यावर हृदय आपणहून लयीत आलं. मशीन बंद करताना तापमान ३६.५ आणि रक्तातलं पोटॅशियम ५.८.

पुढचा पाऊण तास शांततेत गेला. छाती बंद झाली, रुग्ण आयसीयूत आला, आणि मॉनिटरवर लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या ईसीजीच्या रेषांत, एसटी हा भाग वर चढू लागला; हृदयस्नायूला रक्त कमी पडल्याची ती खूण. दाब ११० वरून ७० वर, ठोके मंद, मग हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खाली नीट न पोचणं). रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं नॉरॲड्रेनालिन वाढवलं, तर एसटी आणखी चढला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

'पोटॅशियम राहिलंय वाटतं अजून,' असं कुणीतरी म्हणालंच. मशीनवरून उतरताना ५.८ होतं, कार्डिओप्लेजिया पोटॅशियमचाच, आणि पोटॅशियमने धमनी आवळते हे प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेलं असतं. तर्क सरळ होता. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला: पोटॅशियम ३.३, पीएच ७.५४, कार्बन डायऑक्साइडचा दाब २७, तापमान ३४.६.

आधी दुसऱ्या शक्यता

स्पॅझम म्हणण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. हवेचा बुडबुडा: रुग्ण उताणा असताना उजव्या कोरोनरीचं तोंड वरच्या अंगाला येतं, त्यामुळे महाधमनीत राहिलेली हवा नेमकी तिथे शिरते. पण ती शिरते क्लॅम्प काढल्यावर लगेच, पाऊण तासाने नाही. ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली नळी) बंद पडणं: दोन्ही ग्राफ्टचा प्रवाह शस्त्रक्रियेतच मोजला होता, मुख्य ग्राफ्टमध्ये मिनिटाला ४५ मिली, आणि उजव्या बाजूला ग्राफ्टच नव्हता. तिसरी शक्यता गुठळीची, ती मात्र अँजिओग्राफीशिवाय (धमनीत डाय सोडून घेतलेल्या एक्स-रे चित्राशिवाय) सुटत नाही.

अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हृदयाची खालची भिंत आणि उजवा कप्पा यांची हालचाल मंदावलेली दिसली. रुग्णाला कॅथलॅबमध्ये नेलं. उजवी कोरोनरी तोंडापासून टोकापर्यंत दोऱ्यासारखी बारीक झालेली, गुठळी कुठेही नाही. कॅथेटरमधून २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन दिलं आणि काही क्षण थांबून पुन्हा डाय सोडला. नळी तीन मिलिमीटरची झाली होती. आधी ती जेमतेम एक मिलिमीटर होती.

प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो, म्हणजे एक तृतीयांश उरलेल्या त्या नळीत तो ८१ पट झाला होता. थंडीने रक्त घट्ट होतं हे कारण काही जण पुढे करतात. तापमान एक अंश उतरलं की चिकटपणा साधारण दोन टक्के वाढतो. दोन अंशांत चार टक्के. ८१ पटींसमोर ते सोडून द्यावं.

पोटॅशियमने हृदय सैलावतं, धमनी आवळते

या प्रकरणाचा सगळ्यात रंजक भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबतो.

पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोल, बाहेर ४.५. या तफावतीवरून पोटॅशियमचा समतोल विद्युतदाब (ज्या दाबाला त्याची आत-बाहेर ये-जा सारखी होते) काढला तर उणे ९२ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. बाहेरचं पोटॅशियम १० केलं की तो उणे ७०, आणि २० केलं की उणे ५२. विश्रांतीत असलेली हृदयस्नायूची पेशी या आकड्याला जवळजवळ चिकटून असते. तिला उणे ५२ वर आणून ठेवलं की तिचे सोडियम चॅनेल (पेशीच्या पडद्यातली सोडियमची दारं) उघडून बंद होतात आणि बंदच अडकून पडतात. ठोका सुरू होण्यासाठी लागणारा झटका मिळत नाही. कॅल्शियमचे चॅनेल उघडायला अजून दहाबारा मिलिव्होल्ट हवे असतात, तिथपर्यंत ती पोचत नाही. मधल्या या अरुंद पट्टीत हृदय सैल, शिथिल अवस्थेत थांबतं. सिडनी रिंगरने १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर पोटॅशियमचा हा परिणाम पाहिला होता. १९५५ मध्ये लंडनला डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवलं, पण मात्रा फार जास्त होती, स्नायूला इजा झाल्याचं दिसलं आणि पद्धत मागे पडली. ती परत रुळली १९७० च्या दशकात, कमी मात्रेने. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या प्रसिद्ध द्रावणात पोटॅशियम १६ मिलिमोल आहे, सोबत तेवढंच मॅग्नेशियम.

आता त्याच द्रावणात न्हाऊन निघणारी धमनीची भिंत पाहा. तिच्या अरेखित स्नायूपेशीचा विद्युतदाब मुळातच कमी ऋण असतो, उणे ६० ते उणे ४० च्या दरम्यान. तिला आकुंचनासाठी झटक्याची गरज नसते. पोटॅशियम २० च्या पुढे गेलं की ती उणे ४० च्या वर सरकते आणि तिचे कॅल्शियम चॅनेल थोडेथोडे, पण सतत उघडे राहतात. आत झिरपणारं कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला जोडलं जातं, मायोसिनवर फॉस्फेट चढवणारं विकर जागं होतं, आणि पेशी आवळून बसते. म्हणजे ज्या मात्रेने हृदयस्नायू सैलावतो, त्याच मात्रेने त्याला रक्त पुरवणारी नळी आखडू शकते. कार्डिओप्लेजियातल्या मॅग्नेशियमचा एक फायदा इथेच आहे, ते कॅल्शियमची वाट अडवतं.

पण ही रेषा सरळ वर जात नाही. पोटॅशियम ५ वरून १० ते १२ पर्यंत वाढलं तर लहान कोरोनरी धमन्या चक्क सैल होतात. त्या भागात दोन गोष्टी जागतात: सोडियम-पोटॅशियम पंप (सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा) वेग घेतो, आणि आत-वळणारे म्हणून ओळखले जाणारे पोटॅशियम चॅनेल जास्त उघडतात. दोन्हींमुळे पेशी अधिक ऋण होते आणि कॅल्शियमचं दार मिटतं. काम करणाऱ्या स्नायूतून बाहेर पडणारं पोटॅशियम स्वतःचा रक्तपुरवठा वाढवतं, त्यातला एक भाग हाच. उलट बाहेरचं पोटॅशियम अगदी कमी केलं तर पंप मंदावतो आणि धमनी पुन्हा आवळते. पोटॅशियमविरहित द्रावणात धमनीची कडी टांगली की हे दिसतं. तेव्हा 'पोटॅशियमने आकुंचन होतं' हे वाक्य आकड्याशिवाय निरुपयोगी आहे.

मग या रुग्णात?

पहिला तर्क घेऊ: कार्डिओप्लेजियाचं पोटॅशियम मागे राहिलं. साधारण ३५० ग्रॅमच्या हृदयातून क्लॅम्प काढल्यावर मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त वाहतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एका वेळी मावणारं रक्त याच्या छोट्या हिश्श्याएवढं. काही मिनिटांत सगळं धुऊन निघतं. तसं झालं नसतं तर हृदय लयीत आलंच नसतं, कारण हृदयस्नायू हा स्वतःच पोटॅशियमचा सगळ्यात प्रामाणिक मीटर आहे. पाऊण तासाने, रक्तात ३.३ असताना, पोटॅशियमच्या जादा मात्रेला दोष देणं टिकत नाही. मशीनवरून उतरतानाचं ५.८ सुद्धा आकुंचनाच्या पट्टीत येत नाही. धमनीच्या दृष्टीने ते सैलावण्याच्या बाजूला झुकलेलं होतं.

मग ३.३ हे कमी झालेलं पोटॅशियम दोषी? हा तर्क मला जास्त आवडतो, पण तोही मी फार ताणणार नाही. पंपाला बाहेरून लागणारं पोटॅशियम एक-दोन मिलिमोलला अर्धी क्षमता गाठतं, ३.३ ला तो बऱ्यापैकी चालूच असतो. परिणाम असेल तो थोडा, ढकलणारा, एकट्याने नळी बंद करणारा नाही. ते भरून काढायचं ते मुख्यतः लय बिघडू नये म्हणून. पण ५.८ चं ३.३ कसं झालं, हे विचारलं की खरी साखळी हाताला लागते: लघवीचं औषध, साखरेसाठी इन्सुलिन, ॲड्रेनालिनसारखी औषधं, आणि अल्कलोसिस (रक्तातली आम्लता घटून पीएच वाढणं). शेवटची तिन्ही पोटॅशियमला पेशीत ढकलतात.

अल्कलोसिस आलं कुठून? इथे थंडी आत शिरते, आणि ती मागच्या दाराने शिरते.

मशीनवर रुग्ण गरम केला तेव्हा रक्त आणि मुख्य अवयव तापले, हातपाय आणि चरबी थंडच राहिली. मशीन सुटल्यावर उष्णता तिकडे वाहते आणि गाभ्याचं तापमान पुन्हा खाली येतं. ३६.५ चं ३४.६ असं झालं. शरीर एक अंश गार झालं की चयापचय साधारण सात टक्क्यांनी मंदावतो, म्हणजे दोन अंशांना तेरा-चौदा टक्के. कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी तयार होतो. व्हेंटिलेटर मात्र पूर्वीच्याच वेगाने तो बाहेर फेकत राहतो. एवढ्याने ४० चा दाब ३५ पर्यंत येईल. २७ पर्यंत येण्याचा उरलेला दोष सेटिंगचा, ते मुळातच सढळ ठेवलं होतं.

रक्तातली आम्लता घटली की कोरोनरीचा स्नायू कॅल्शियमला जास्त जोमाने प्रतिसाद देतो. प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये ज्या प्रकारच्या अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं) वर्णन केलं, विश्रांतीत, बहुधा पहाटे येणाऱ्या, त्या रुग्णांत मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावून स्पॅझम आणण्याची चाचणी याच तत्त्वावर चालते. आपल्या रुग्णावर व्हेंटिलेटरने नकळत तीच चाचणी केली. पहाटेच्या दुखण्याची ती एक ओळ नोंदीत होतीच.

थंडी थेट काय करते

थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, हे आपण त्वचेवरून शिकलो आणि सगळ्या शरीराला लावलं. त्वचेच्या धमन्यांत खास व्यवस्था आहे: गार झाल्यावर अल्फा-२सी नावाचे ग्राहक पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि नॉरॲड्रेनालिनचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. उष्णता वाचवायची ती जागा आहे. कोरोनरीला उष्णता वाचवायचं काम नाही.

खोल धमनीच्या स्नायूवर थंडीचे परिणाम एकमेकांना छेद देणारे आहेत. पंप मंदावतो, आत सोडियम साठतं, त्याच्या बदल्यात कॅल्शियम आत येतं, आलेलं कॅल्शियम बाहेर टाकणारी यंत्रणाही सुस्त होते: हे सगळं आकुंचनाच्या बाजूने. दुसरीकडे चॅनेल, मायोसिनचं विकर आणि खुद्द आकुंचनाची यंत्रणा, सगळंच मंद होतं: हे विरुद्ध बाजूने. १० अंशाला दुसरी बाजू जिंकते. इतक्या थंडीत स्नायूला ताण निर्माण करायची ताकदच फारशी उरत नाही. म्हणून थंड कार्डिओप्लेजियातलं जास्त पोटॅशियम त्या क्षणी जितकं धोक्याचं वाटतं तितकं नसतं. तोच द्राव कोमट दिला तर गणित वेगळं. ३४ अंशाला मात्र यंत्रणा जवळपास पूर्ण चालू असते आणि बाहेर टाकण्याचं काम थोडं मागे पडलेलं असतं. या मधल्या पट्टीत काय होईल ते धमनी कोणती, उत्तेजक कोणतं आणि आतलं अस्तर कसं आहे, यावर ठरतं.

अस्तराबद्दल बोलायलाच हवं. एंडोथेलियम स्नायूला सैल ठेवतं ते नायट्रिक ऑक्साइड सोडून आणि स्नायूपेशीला विद्युतदृष्ट्या अधिक ऋण करून. दुसरा मार्ग पोटॅशियमच्या तफावतीवर चालतो. बाहेर २० मिलिमोल भरून ठेवले की ती तफावतच आटते आणि हा मार्ग बंद पडतो. १९९० च्या दशकात डुकराच्या कोरोनरी धमन्यांवर झालेल्या प्रयोगांत तर पोटॅशियम धुऊन काढल्यावरही या मार्गाचा जोर घटलेलाच दिसला. पोटॅशियमवर जर काही आरोप ठेवायचाच असेल तर मी हा ठेवीन. ते स्वतः निघून गेलं होतं, पण अस्तराची सैल करण्याची एक वाट कमकुवत करून गेलं असावं.

त्यात धूम्रपानाने अस्तर आधीच खराब. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून केलेल्या अँजिओग्राफीच्या अभ्यासांतून १९८० च्या दशकात हे स्पष्ट झालं होतं: निरोगी कोरोनरी अशा थंडीच्या धक्क्याला सैल होते, रोगट कोरोनरी त्याच धक्क्याला आवळते. हृदय गार झालेलं नसतंच. गार झालेला हात नॉरॲड्रेनालिन वाढवतो. आपल्या रुग्णाचं थंड अंग तेच करत होतं, वरून आपण थेंबाथेंबाने तेच औषध देत होतो. म्हणून दाब वाढवायला नॉरॲड्रेनालिन वाढवलं तेव्हा एसटी चढला.

तपासायचं झालं तर

प्रयोगशाळेत हे वेगळं करता येतं. कोरोनरीची दोन-तीन मिलिमीटर रुंद कडी दोन बारीक तारांवर चढवायची, एक तार खाली घट्ट, दुसरी ताण मोजणाऱ्या यंत्राला. ३७ अंशाचं क्रेब्ज द्रावण (रक्तद्रवासारखे क्षार असलेलं), त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. निम्म्या कड्यांचं अस्तर तारेने अलगद घासून काढायचं. मग पोटॅशियम पायरीपायरीने वाढवायचं, आधी ३७ ला, मग ३४ ला, मग २८ ला.

फसगत होते ती दोन ठिकाणी. पोटॅशियम क्लोराइड नुसतं ओतलं तर द्रावणाची तीव्रता वाढते आणि पेशी आक्रसते, म्हणून तेवढंच सोडियम कमी करावं लागतं. आणि बायकार्बोनेटचं द्रावण गार केलं की त्याचा पीएच बदलतो, त्यामुळे थंडीचा म्हणून मोजलेला परिणाम आम्लतेचा निघू शकतो. आपल्या रुग्णात या दोन गोष्टी जशा गुंतल्या होत्या, तशाच त्या काचेच्या भांड्यातही गुंततात. पीएच वेगळा सांभाळला नसेल तर अशा आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

काय बदललं

कॅथलॅबमधून परत आल्यावर डिल्टियाझेमचं (कॅल्शियम चॅनेल अडवणाऱ्या औषधाचं) इन्फ्युजन सुरू झालं, व्हेंटिलेटरचा वेग उतरवला, अंगावर गरम हवेचं पांघरूण आलं, नॉरॲड्रेनालिन जमेल तसं कमी केलं, पोटॅशियम सावकाश चारच्या वर नेलं, मॅग्नेशियम दिलं. दोन तासांत पीएच ७.४१, तापमान ३६.४, एसटी रेषेवर. घरी जाताना प्रोप्रानोलॉल बंद, कारण बीटा ग्राहक अडवले की धमनी आवळणाऱ्या अल्फा ग्राहकांना रान मोकळं मिळतं आणि स्पॅझमच्या रुग्णात ते महागात पडतं. त्याजागी कॅल्शियम चॅनेल अडवणारी गोळी.

चर्चेत शेवटी एक मागणी आली: पुढच्या अशा रुग्णासाठी कार्डिओप्लेजियातलं पोटॅशियम कमी करा. मी विरोधात आहे. पूर्ण भरलेलं, धडधडणारं हृदय दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण १० मिली ऑक्सिजन खातं, रिकामं धडधडणारं ५.५, थांबवलेलं १.१, आणि थांबवून २२ अंशापर्यंत गार केलेलं ०.३. सगळ्यात मोठी उडी थांबवण्याने मिळते, आणि ती पोटॅशियमची कमाई आहे. ती सोडून देऊन पाऊण तासानंतरच्या स्पॅझमवर काहीच मिळणार नाही. माझी यादी त्यापेक्षा कंटाळवाणी आहे: मशीन सोडण्याआधी पाय कोमट लागेपर्यंत गरम करत राहा, आयसीयूत पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत रक्तवायूचा रिपोर्ट घ्या आणि व्हेंटिलेटर त्यावरून लावा, आणि पहाटे झोपेत छातीत दुखतं असं जो रुग्ण सांगतो त्याच्या फाइलवर ते लाल शाईने लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला ते शोधावं लागणार नाही.